एक साइडबँड दबतो, दुसरा का दबत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. रेडिओची मूळ लहर म्हणजे कॅरिअर; तिच्यावर ध्वनी चढवला की तिच्या वर आणि खाली जे दोन पट्टे तयार होतात ते साइडबँड. त्यातला एकच ठेवणारा, फेजिंग पद्धतीचा (लहरींचे कोन, म्हणजे फेज, सरकवून दुसरा घालवणारा) ७ मेगाहर्ट्झचा एसएसबी (सिंगल साइडबँड) एक्सायटर, म्हणजे ट्रान्समीटरचा पहिला टप्पा, घरी बांधला. १ किलोहर्ट्झचा सूर देऊन मोजलं, तर अप्पर निवडल्यावर नको असलेला खालचा साइडबँड ४२ डेसिबल खाली जातो. पण स्विच फिरवून लोअर निवडला की वरचा जेमतेम २७ डेसिबलच दबतो. फेजचा प्रीसेट (जुळवणीचा छोटा स्क्रू) फिरवला की एक सुधारतो आणि दुसरा बिघडतो. त्रिकोणमितीचं सूत्र वाचलं, पटलंही. पण सूत्राप्रमाणे दोन्ही पूर्ण नाहीसे व्हायला हवेत. मग त्या सूत्राचा बाकावर उपयोग काय?

उपयोग भरपूर आहे. फक्त पुस्तक जिथे थांबतं तिथून एक पायरी पुढे जावं लागतं. पुस्तकातलं सूत्र बिनचूक सर्किटाचं असतं. आपल्या सर्किटातल्या चुका त्याच सूत्रात अक्षरं म्हणून घातल्या, की कुठला स्क्रू फिरवायचा आणि कुठल्याला हात लावायचा नाही हे तेच सांगू लागतं. तुमचं सर्किट मी पाहिलेलं नाही. तरी या दोन आकड्यांवरून एवढं नक्की सांगता येतं की तुमच्याकडे फेजच्या दोन वेगवेगळ्या चुका आहेत, दोन्ही दोन ते तीन अंशांच्या आहेत, आणि गेन (लहरीची उंची किती पट होते ते) बऱ्यापैकी जुळलेला आहे. हे कुठून आलं ते आता बघू.

आधी बिनचूक सर्किट. क म्हणजे कॅरिअरचा कोन आणि ध म्हणजे ध्वनीचा कोन. दोन्ही वेळेबरोबर वाढत जातात, क भन्नाट वेगाने आणि ध त्या मानाने रमतगमत. मिक्सर गुणाकार करतो. तुमच्याकडे दोन मिक्सर आहेत. पहिल्याला कॅरिअर आणि ध्वनी जसेच्या तसे मिळतात, दुसऱ्याला दोन्ही ९० अंश सरकवून मिळतात:

कॉस क × कॉस ध = ½ [कॉस(क − ध) + कॉस(क + ध)]

साइन क × साइन ध = ½ [कॉस(क − ध) − कॉस(क + ध)]

बेरीज केली की (क + ध) उडतो आणि खालचा साइडबँड उरतो. वजाबाकी केली की (क − ध) उडतो आणि वरचा उरतो. तुमचा साइडबँडचा स्विच एवढंच करतो, एका फांदीचं (एका मिक्सरच्या वाटेचं) चिन्ह उलटवतो.

इथे एक गोष्ट मनात पक्की बसवा, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. कोसाइनला कोनाचं चिन्ह कळत नाही: कॉस(−ध) आणि कॉस ध एकच. साइनला ते कळतं: साइन(−ध) म्हणजे उणे साइन ध. कॅरिअरच्या वरचा साइडबँड म्हणजे ध अधिक, खालचा म्हणजे ध उणे. म्हणजे पहिला मिक्सर दोन्ही बाजूंना सारखाच वागवतो, दुसरा त्यांना विरुद्ध चिन्हं देतो. एक आंधळा, एक डोळस. दोघांची साक्ष जुळवली की कोण कुठल्या बाजूचा ते कळतं. साइडबँड वेगळे करणाऱ्या डायरेक्ट कन्व्हर्जन (रेडिओ लहर थेट ध्वनीत उतरवणाऱ्या) रिसीव्हरमध्ये आय आणि क्यू अशा दोन फांद्या असतात, त्याही याच कारणासाठी. तिथे सगळं उलट्या दिशेने चालतं, पण पुढचं गणित जसंच्या तसं लागू पडतं.

ही युक्ती जुनी आहे. एकच साइडबँड पुरतो हे जॉन कार्सन यांनी १९१५ मध्ये पेटंटच्या अर्जात मांडलं होतं. फेज सरकवून दुसरा साइडबँड घालवायची पद्धत राल्फ हार्टली यांची, तिचं पेटंट १९२८ चं. हार्टली ऑसिलेटर ज्यांच्या नावाने ओळखला जातो तेच हे हार्टली.

आता चुका घालू. कॅरिअर ९० अंशांऐवजी ९० अधिक र इतका सरकला, आणि ध्वनी ९० अधिक अ इतका सरकला असं धरा. र रेडिओच्या बाजूचा, अ ऑडिओच्या बाजूचा. दुसऱ्या मिक्सरमधून आता हे येईल:

½ [कॉस(क − ध + र − अ) − कॉस(क + ध + र + अ)]

थांबून नीट बघा. खालच्या साइडबँडच्या कोनात र − अ आला आहे आणि वरच्याच्या कोनात र + अ. चुका त्याच दोन, पण एका बाजूला त्यांची बेरीज होते आणि दुसऱ्या बाजूला वजाबाकी. तुमच्या सगळ्या कोड्याचं मूळ इथे आहे. लोअर निवडता तेव्हा वरचा मारायचा असतो, आणि तिथे र + अ आडवा येतो. अप्पर निवडता तेव्हा खालचा मारायचा असतो, आणि तिथे फक्त र − अ. तुम्ही अप्परवर कान किंवा मीटर लावून फेजचा प्रीसेट तळाला आणलात, म्हणजे नकळत र आणि अ सारखे केलेत. चूक गेली नाही, एका चुकीच्या मागे दुसरी लपली. स्विच फिरवल्याबरोबर दोघी एकमेकींच्या मदतीला धावल्या.

हे डेसिबलमध्ये आणू. स म्हणजे त्या साइडबँडचा कोन आणि फ म्हणजे त्यातली फेजची एकूण चूक. शेवटी उरतं ते असं: कॉस स − कॉस(स + फ) = २ × साइन(फ/२) × साइन(स + फ/२). म्हणजे उरलेल्या साइडबँडचा आकार फेजच्या चुकीच्या अर्ध्या कोनाच्या साइनइतका. हवा असलेला साइडबँड दोन जवळजवळ सारख्या कोसाइनच्या बेरजेतून येतो, त्यामुळे त्याला काही धक्का लागत नाही. पुस्तकात जो टॅन(फ/२) दिसतो तो हाच. १ अंशाची चूक असेल तर टॅन अर्धा अंश म्हणजे ०.००८७, म्हणजे ४१ डेसिबल. २ अंशांना ३५. ५ अंशांना २७. उलट्या दिशेने वाचलं तर तुमच्या २७ डेसिबलना ५.१ अंश लागतात आणि ४२ डेसिबलना ०.९ अंश. गेनची चूक नाहीच असं क्षणभर धरलं, तर दोन चुकांची बेरीज ५.१ आणि वजाबाकी ०.९. शाळेतलं गणित: एक ३.० अंश, दुसरी २.१ अंश.

पण गेनची चूक शून्य नसते. दोन फांद्यांची उंची १ टक्क्याने वेगळी असेल, तर फेज कितीही अचूक असली तरी ०.०१ भागिले २ इतका, म्हणजे ०.००५ चा उरलेला भाग राहतोच, ४६ डेसिबल. मी आकडे पाठ करत नाही, एक जोडी लक्षात ठेवतो: १ अंश आणि १ टक्का एकत्र असतील तर ४० डेसिबल. बाकीचे त्यावरून मनात काढता येतात, कारण चूक दुप्पट झाली की ६ डेसिबल जातात.

‘एकत्र’ म्हणताना त्या दोघांची साधी बेरीज होत नाही, आणि नवीन माणूस बहुतेक वेळा इथेच फसतो. फेजच्या चुकीने उरलेला भाग आणि गेनच्या चुकीने उरलेला भाग एकमेकांशी काटकोनात असतात. वर पाहिलंत ना, फेजवाल्या उरलेल्या भागात साइन आला. गेनवाल्यात कोसाइनच राहतो. म्हणून त्यांची बेरीज पायथागोरसच्या नियमाने होते. कागदावर दोन अक्ष काढा, आडवा गेनचा आणि उभा फेजचा. तुमचं सर्किट म्हणजे त्या कागदावरचा एक ठिपका, आणि मूळ बिंदूपासूनचं त्याचं अंतर म्हणजे नको असलेला साइडबँड. फेजचा प्रीसेट ठिपका फक्त वर-खाली सरकवतो, गेनचा फक्त डावी-उजवीकडे. ठिपका उभ्या रेषेवर कितीही हलवा, आडवं अंतर आहे तेवढंच राहतं.

माझ्या पहिल्या एक्सायटरमध्ये दोन फांद्या एकत्र करणारे दोन रोध ६ टक्क्यांनी वेगळे निघाले होते. ते मला माहीत नव्हतं. मी फेजचा प्रीसेट किती संध्याकाळी पिळत बसलो त्याची गणती नाही, आणि मीटर ३१ डेसिबलच्या पलीकडे एक रेघ हलायला तयार नव्हता. ६ टक्क्यांची मर्यादा बरोबर तेवढीच येते, पण तेव्हा मला हे चित्र कुणी काढून दाखवलं नव्हतं. त्या मर्यादेची खूणही अशी की प्रीसेट फिरवताना तळ पसरट वाटतो, टोकदार नाही. पसरट तळ दिसला की समजावं, चूक दुसऱ्या अक्षावर आहे. तो प्रीसेट सोडून द्या आणि दुसरा धरा.

आता तुमच्या आकड्यांकडे परत. दोन्ही साइडबँडना गेनची चूक सारखीच लागते, कारण स्विच चिन्ह बदलतो, उंची नाही. ग म्हणजे गेनची चूक धरली, कोन रेडियनमध्ये घेतले, आणि उरलेल्या साइडबँडचं हव्या असलेल्याशी गुणोत्तर घेतलं, तर

लोअर निवडल्यावर गुणोत्तराचा वर्ग = ¼ [ग² + (र + अ)²]

अप्पर निवडल्यावर गुणोत्तराचा वर्ग = ¼ [ग² + (र − अ)²]

एकातून दुसरं वजा करा. ग² गेला. र² आणि अ² गेले. उरलं ते फक्त र × अ. हे सूत्र मला फार आवडतं, कारण ज्याची माहिती नाही ते सगळं ते स्वतःच बाजूला काढून टाकतं. तुमचे २७ डेसिबल म्हणजे ०.०४४७, त्याचा वर्ग ०.००१९९५. तुमचे ४२ म्हणजे ०.००७९, वर्ग ०.००००६३. वजाबाकी ०.००१९३. रेडियनचे अंश करायला ५७.३ चा वर्ग, म्हणजे ३२८३ ने गुणलं की ६.३ चौरस अंश. गेनची चूक कितीही असो, दोन फेजचुकांचा गुणाकार ६.३ आहे. आणि ४२ डेसिबलपर्यंत तुम्ही पोचलात, म्हणजे गेनची चूक १.६ टक्क्यांहून जास्त असूच शकत नाही. ती पूर्ण १.६ धरली तर दोन्ही फेजचुका २.५ अंशांच्या, शून्य धरली तर ३.० आणि २.१. खरं उत्तर यांच्या मध्ये कुठेतरी. सुरुवातीला मी जे सांगितलं ते इथून आलं.

यातली मोठी कुठली, ऑडिओची की रेडिओची, हे या दोन आकड्यांवरून कळणार नाही. सूत्रात र आणि अ यांची अदलाबदल केली तरी काहीच बदलत नाही. ते कळण्यासाठी सर्किटाला मुद्दाम एक छोटा धक्का द्यायचा, ज्याचं माप माहीत आहे असा. ७ मेगाहर्ट्झला १ अंश म्हणजे ०.४ नॅनोसेकंद. साध्या पॉलिथिन कोअॅक्समध्ये लहर नॅनोसेकंदाला जवळपास २० सेंटिमीटर जाते, म्हणजे ८ सेंटिमीटरचा तुकडा म्हणजे १ अंश. लोकल ऑसिलेटरच्या (कॅरिअर तयार करणाऱ्या सर्किटाच्या) एका फांदीत असा तुकडा जादा घाला (टोकाला नीट टर्मिनेशन, म्हणजे केबलला जुळणारा रोध, असेल तरच, नाहीतर तो केबल न राहता कपॅसिटर होतो) आणि दोन्ही मोजमापं पुन्हा घ्या. र आता १ अंशाने बदलला, अ तसाच आहे. म्हणून गुणाकार जितक्या चौरस अंशांनी बदलेल तितकेच अंश अ असणार. समजा लोअरवर २७ चे २५.५ झाले आणि अप्परवर ४२ चे ५० च्या पलीकडे गेले. नवा गुणाकार ९.२ येतो, फरक २.९. म्हणजे अ २.९ अंश आणि र ६.३ भागिले २.९, म्हणजे २.२. तुकडा दुसऱ्या फांदीत घातलात तर गुणाकार वाढण्याऐवजी कमी होईल. त्याने काही बिघडत नाही, फरकाचं माप तेच.

या प्रयोगात अप्पर ५० च्या पलीकडे गेला म्हणून खूश होऊन तुकडा तिथेच ठेवू नका. तुम्ही चूक वाढवून मिळवलेलं यश आहे ते.

ऑडिओच्या बाजूला बहुतेक जण ऑल-पास (उंची न बदलता फक्त फेज सरकवणाऱ्या) साखळ्या वापरतात: दोन फांद्यांत वेगवेगळ्या वारंवारतांना जुळवलेले ऑप-अँपचे टप्पे, आणि दोन साखळ्यांच्या फेजमधला फरक बोलण्याच्या पट्ट्यात ९० अंशांच्या आसपास राहतो. ‘आसपास’ किती, हे टप्प्यांच्या संख्येवर ठरतं. ३०० ते ३००० हर्ट्झसाठी दोन्ही फांद्यांत एकेक टप्पा ठेवला, तर उत्तमात उत्तम मांडणीतही फरक १६ अंशांनी वर-खाली होतो, म्हणजे १७ डेसिबल. त्याला एसएसबी म्हणायला जीभ रेटत नाही. दोन-दोन टप्पे केले की चूक १.१ अंशावर येते, ४० डेसिबल. तीन-तीन केले की कागदावर ०.१ अंशाच्याही आत, ६० च्या पुढे.

कागदावर, कारण तिथवर जाऊ देत नाहीत ते सुटे भाग. ऑल-पास टप्प्याची फेज म्हणजे ज्या कोनाचा टॅन्जंट वारंवारता भागिले टप्प्याची स्वतःची वारंवारता इतका आहे, त्या कोनाच्या दुप्पट. या सूत्राचा चढ बघितला तर तो टप्प्याच्या स्वतःच्या वारंवारतेला सर्वांत जास्त असतो, आणि तिथे आरसी गुणाकारात १ टक्क्याची चूक म्हणजे फेजमध्ये ०.५७ अंश. ५ टक्क्यांचा कपॅसिटर एकटाच २.९ अंश खाऊ शकतो. तुमचा अ याच मापाचा आहे, हे लक्षात आलं असेल. ५ टक्क्यांच्या कपॅसिटरने बांधलेल्या तीन-तीन टप्प्यांपेक्षा मोजून जुळवलेल्या भागांचे दोन-दोन टप्पे मी केव्हाही पसंत करीन. कपॅसिटर पॉलिप्रॉपिलीनचे किंवा पॉलिस्टरचे घ्या, ब्रिजवर (क्षमता मोजायच्या उपकरणावर) मोजा. ठरलेल्या मूल्याचा नग सापडला नाही तर चालेल. कपॅसिटर जो आहे तो धरून रोध बदलून गुणाकार जुळवा, रोध १ टक्क्याचे सहज मिळतात. सिरॅमिकमधले जास्त क्षमतेचे स्वस्त प्रकार इथे नकोत, ते तापमानाने आणि व्होल्टेजने सरकतात. ऑप-अँपभोवतीचे दोन सारखे रोधही जोडीने मोजून घ्या. ते वेगळे असले तर टप्प्याचा गेन पट्ट्याच्या खालच्या टोकाला एक आणि वरच्या टोकाला दुसरा होतो, आणि मग गेनचा प्रीसेट एकाच सुराला बरोबर बसतो.

ऑडिओची चूक सुरागणिक बदलते, रेडिओची बदलत नाही, आणि इथे गुणाकाराचं सूत्र पुन्हा कामाला येतं. ३००, ६००, १०००, १८०० आणि ३००० हर्ट्झ अशा पाच सुरांना दोन्ही साइडबँड मोजा आणि प्रत्येक सुराला र × अ काढा. र ठरलेला असल्यामुळे हे पाच आकडे म्हणजे अ चाच आलेख, फक्त उंची वेगळी. साखळ्या ठीक असतील तर हा आलेख शून्याच्या वर आणि खाली हेलकावतो, म्हणजे काही सुरांना लोअर वाईट निघतो आणि काहींना अप्पर. सगळ्या सुरांना एकच साइडबँड वाईट असेल, तर साखळ्यांचा फरक ९० वरून एका बाजूला झुकला आहे. आणि एकाच सुराच्या भोवती फुगवटा असेल तर त्या वारंवारतेचा टप्पा शोधा, गुन्हेगार तोच.

रेडिओच्या बाजूला २.२ अंश म्हणजे ७ मेगाहर्ट्झला ०.९ नॅनोसेकंद. तुम्ही ९० अंश कसे काढता हे लिहिलेलं नाही, त्यामुळे दोन्ही शक्यता सांगतो. फ्लिप-फ्लॉपने दोनने भागत असाल, तर घड्याळाच्या (क्लॉकच्या चौकोनी लहरीच्या) चढत्या आणि उतरत्या अशा दोन्ही कडा वापरल्या जातात, आणि घड्याळाची ड्यूटी, म्हणजे लहर वर आणि खाली राहण्याच्या वेळांची वाटणी, ५०-५० नसेल तर ती चूक थेट फेजमध्ये उतरते: ५१-४९ असली तरी १.८ अंश. २.२ अंशांना सव्वा टक्का पुरतो, आणि क्रिस्टल ऑसिलेटरच्या मागे नुसतं एक गेट लावून केलेल्या चौकोनी लहरीत इतका तिरकेपणा अगदी नेहमीचा. चारने भागत असाल, ७४एसी७४ या आयसीतल्या फ्लिप-फ्लॉपच्या जोडीने, तर फक्त चढत्या कडा मोजल्या जातात आणि ड्यूटीचा प्रश्नच उरत नाही. मग दोन आउटपुटवरचा भार सारखा आहे का, पीसीबीवरच्या रेषांची लांबी सारखी आहे का, दोन्ही फ्लिप-फ्लॉप एकाच आयसीतले आहेत का, एवढंच बघायचं. २८ मेगाहर्ट्झचं घड्याळ लागतं ही या पद्धतीची किंमत. ती द्यावी असं माझं मत.

आरसीच्या जोडीने ९० अंश काढत असाल तर एक गंमत आहे. एकच आर आणि एकच सी मालिकेत जोडून एका फांदीत आरवरचं व्होल्टेज आणि दुसरीत सीवरचं घेतलं, तर त्यांच्यातला कोन कुठल्याही वारंवारतेला ९० अंशच असतो. पुरवठ्याचं व्होल्टेज वर्तुळाचा व्यास मानलं तर दोन व्होल्टेजांचा जोड नेहमी परिघावर येतो, आणि अर्धवर्तुळातला कोन काटकोन, हे नववी-दहावीच्या भूमितीतलं प्रमेय. वारंवारतेबरोबर बदलते ती उंची: ७.१ ला जुळवलं तर ७.० आणि ७.२ ला दोन फांद्यांत १.४ टक्क्यांचा फरक पडतो. पण मिक्सर जर ऑसिलेटरच्या जोरावर पूर्ण स्विच होणारा असेल तर तेवढ्या फरकाकडे तो बघतही नाही. अडचण एकच, मिक्सरचा स्वतःचा भार या जोडीवर पडला की काटकोन मोडतो. मध्ये बफर नसेल तर आधी तिथे बघा.

मोजण्याबद्दल थोडं, कारण चुकीचं मोजमाप बरोबर गणितालाही बुडवतं. एका सुराचा शुद्ध एसएसबी म्हणजे एकच स्थिर लहर, स्कोपवर (ऑसिलोस्कोपवर) तिची पट्टी वर-खाली सपाट दिसायला हवी. नको असलेला साइडबँड उरला असेल तर तो हव्या असलेल्यापासून सुराच्या दुप्पट अंतरावर असतो, म्हणून पट्टीच्या काठावर २ किलोहर्ट्झच्या लाटा दिसतात. कॅरिअर गळत असेल तर १ किलोहर्ट्झच्या. लाटा मोजल्या की दोष कळतो, आणि तो ओळखून आधी कॅरिअर बॅलन्स करावा. पण २७ डेसिबलला लाट पट्टीच्या उंचीच्या साडेचार टक्के असते, ४२ ला एक टक्क्याहून कमी. ३५ च्या पुढे स्कोपवर डोळे ताणून काही हाती लागत नाही, तिथे अरुंद फिल्टरचा रिसीव्हर आणि अॅटेन्युएटरच (सिग्नल मोजून कमी करणारा) हवा.

आणि एक सापळा. सुराचा ऑसिलेटर स्वतःच अशुद्ध असेल तर त्याची तिसरी पट, ३ किलोहर्ट्झ, हव्या असलेल्या सुरापासून बरोबर २ किलोहर्ट्झवर पडते. स्कोपवर ती हुबेहूब नको असलेल्या साइडबँडसारखी दिसते आणि कुठल्याही प्रीसेटने हलत नाही. दुसरी पट तशीच कॅरिअरचं सोंग घेते. रिसीव्हरने मोजताना फसगत होत नाही, कारण तो कॅरिअरच्या कुठल्या बाजूला ऐकतोय ते तुम्हाला माहीत असतं.

काही जण म्हणतील, हे सगळं सॉफ्टवेअरने करा. करा की. डिजिटल हिल्बर्ट फिल्टरचे (सगळ्या सुरांना ९० अंश सरकवणाऱ्याचे) गुणक मध्याच्या दोन्ही बाजूंना सारखे पण उलट्या चिन्हाचे असतील तर त्याची फेज बरोबर ९० अंश असते, चूक सगळी गेनच्या अक्षावर जाते. म्हणजे ठिपका उभ्या रेषेवरून आडव्या रेषेवर गेला, कागद तोच. मिक्सर आणि लोकल ऑसिलेटर अॅनालॉगच असतील तर र तुमच्या मागे तिथेही येतो. डोनाल्ड वीव्हर यांनी १९५६ मध्ये तिसरी पद्धत मांडली, तिच्यात ऑडिओची रुंद साखळीच लागत नाही, आणि उरलेला साइडबँड शेजारच्या जागेत न जाता आपल्याच जागेत उलटा होऊन पडतो. शेजाऱ्याला त्रास नाही, त्रास आपल्याच ऐकणाऱ्याला. वेगळा विषय आहे, इथे सोडतो.

शेवटी, दुरुस्ती करायची का हाही प्रश्न आहे. ७ मेगाहर्ट्झवर हौशी लोक रिवाजाने लोअर वापरतात, आणि तुमचा नेमका लोअरच २७ डेसिबलवर आहे. घाईत असाल तर लोअरवर स्विच ठेवून फेजचा प्रीसेट पुन्हा तळाला आणा. आता र = −अ होईल आणि अप्पर बिघडेल, पण तो तुम्ही वापरतच नाही. १ किलोहर्ट्झला ४० च्या पुढे जाल. मात्र ही तडजोड त्या एका सुराची आहे. र सगळ्या सुरांना एकच राहतो, अ सुरागणिक बदलतो, त्यामुळे ४०० आणि २५०० ला जोडी पुन्हा फुटते. भागाभागांनी करायचं असेल तर क्रम असा धरा: आधी रेडिओची बाजू, कारण तिचा दोष बहुतेक वेळा एकाच ठिकाणी असतो आणि तो गेला की गुणाकार शून्य होऊन दोन्ही साइडबँड सारखे मोजतात. दोन्ही बाजू सारख्या मोजल्या जाणं हीच र गेल्याची खूण. त्यानंतर जे उरेल ते ऑडिओचं आणि गेनचं, आणि ते एकाच साइडबँडवर बसून, दोन प्रीसेट आलटून पालटून, निवांत खाली आणता येतं. तोवर फेजच्या प्रीसेटला हात लावू नका. पाच सुरांची दहा मोजमापं आधी वहीत उतरवा.